पडद्यावरची मराठी आणि आमची बोली

बीड जिल्ह्यात राहून ज्याने आयुष्यभर चित्रपट पाहिले, त्याला एक गोष्ट फार उशिरा उमगते. पडद्यावरची जी मराठी आपण जिवाचा कान करून ऐकली, जिच्यावर पोट धरून हसलो आणि जिच्यापायी डोळे पुसले, ती आपल्या ओसरीवरची मराठी नव्हती. ती कोल्हापूरची होती, पुण्याची होती, क्वचित कोकणातलीही होती. तरुणपणी याचे वैषम्य वाटले नाही, कारण तेव्हा पडदा दिसणे हेच अप्रूप होते.

ते अप्रूप खेड्यांना तंबूतून लाभले. पावसाळा सरला, सुगी पदरात पडली आणि यात्रांचे दिवस आले, म्हणजे सरकारी परवाना व करमणूक कराची शिक्क्याची तिकिटे बाळगून टूरिंग टॉकीज गावाबाहेरच्या पडीक रानात मुक्कामास उतरे. कनातीच्या आत दोर ताणून एका अंगाला पुरुष व दुसऱ्या अंगाला बायामाणसे बसत; आणि यंत्र एकच असल्यामुळे रीळ संपले की दिवे लागत, तेवढ्या अवकाशात शेंगा, विड्या आणि पुढील कथानकाविषयीचे तर्क यांना ऊत येई. यंत्रातला उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटणाऱ्या ज्योतीचा असे. कांड्या झिजतील तशा ऑपरेटरने त्या पुढे सरकवायच्या, आणि त्याला डुलकी लागली की पडद्यावरचा नायक हळूहळू काळवंडू लागे व तंबूभर शिट्ट्या होत. जळून उरलेली, तांब्याचा मुलामा असलेली त्यांची थोटके सकाळी वेचताना आम्हा पोरांत हातघाई होई.

या तंबूत हिंदी चित्रपटाचा अंमल मोठा, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा. कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. परिणामी आमच्या वडिलांच्या पिढीतील पेशकार, पटवारी व वकील मंडळींना 1960 च्या ‘मुगल-ए-आझम’मधील भारदस्त संवाद समजण्यास कोणाची मदत लागली नाही, उलट एखाद्या शब्दाचा उच्चार सदोष वाटला, तर ते खुर्चीवरूनच नापसंती नोंदवीत. त्या राजवटीने मागे ठेवलेल्या मिळकतीपैकी एवढीच अशी, की जिच्यावर कोणी हरकत घेतली नाही.

मराठी चित्रपटाची गोष्ट निराळी. 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात 131 आठवडे चालला. त्यानंतर फेटेवाले पाटील, तमाशाचा फड आणि कोल्हापुरी ठसका यांची एक वहिवाटच पडली, आणि आमच्याकडील प्रेक्षकाने तो पाटील आपलाच मानला, कारण दुसरा पाटील पडद्यावर नव्हता. 1975 साली विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून आणि जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनातून ‘सामना’ आला. निळू फुल्यांचा हिंदुराव व डॉ. लागूंचा मास्तर यांच्यामुळे मी त्याला आजही पहिल्या प्रतीचा चित्रपट समजतो. परंतु साखरेच्या सत्तेवरील या कथेतही झुंज कारखानदाराची आणि मास्तराची आहे, आणि ऊस तोडणारा, जो पुष्कळदा आमच्या बीडचा असतो, तो काही तिचा नायक नव्हे.

मुंबईला दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. आमच्याकडे ते सावकाश पोचले. अंबाजोगाईचा मनोरा उभा राहण्यापूर्वी छपरावरचा अँटेना फिरवून ‘आता दिसतंय का?’ असे ओरडण्यात कित्येक संध्याकाळी खर्ची पडत. 1987 च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणणारे भाविकही मी पाहिले आहेत. पुढे 1999 साली अल्फा मराठी वाहिनी आली आणि मालिका घरोघर शिरल्या. तिकीट, सोबत व सासऱ्याची परवानगी यांवाचून बायामाणसांना करमणूक मिळू लागली, हा मालिकांचा उपकार त्यांची कितीही निंदा केली तरी नाकबूल करता येत नाही. मात्र त्या मालिकांतील दिवाणखाने पुण्या-मुंबईचे. आमच्यासारखे कोणी बोललेच, तर ते घरगडी नाही तर गावाकडून आलेला, हसे होणारा पाहुणा.

हसण्यासाठीच का होईना, या बोलीला रंगभूमीवर मान मिळवून दिला तो औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडे यांनी. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये अख्खे वऱ्हाड त्यांनी एकट्याने उभे केले, आणि त्या हसण्यात हेटाळणी नव्हती. पडद्यावर ते काम मकरंद अनासपुरे यांनी केले. 2005 साली चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘कायद्याचं बोला!’ प्रदर्शित झाला. त्यात अनासपुरे यांनी रंगविलेले वकील आडनावाने कुंथलगिरीकर, म्हणजे आमच्या सीमेलगतच्या, खव्याच्या पेढ्यांसाठी नावाजलेल्या गावचे. खुनाच्या आळात अडकलेल्या दोन तरुणांची बाजू हे गृहस्थ आपल्या गावरान वळणाने मांडू लागतात, तेव्हा प्रथम प्रेक्षक वकिलाला हसतो, आणि खटला पुढे सरकतो तसा वकिलाच्या पक्षाला जाऊन न्यायालयाच्या शिष्टाचाराला हसू लागतो. माझ्या शेजारी बसलेले एक म्हातारबा मध्येच मोठ्याने म्हणाले, ‘आरं, ह्यो तर मपल्याच गावचा दिसायलाय!’ आणि त्यांना कोणी गप्प केले नाही.

दुःखाची पाळी त्यानंतर आली. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी 2014 मध्ये ‘फँड्री’ आणि 2016 मध्ये ‘सैराट’ आणला. तेथील बोली आमच्या आष्टी-कड्याकडील बोलीची शेजारीण. ती ऐकताना प्रेक्षक हसतो, पण ‘फँड्री’च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड अंगावर येतो, तेव्हा ते हसू त्याचे त्यालाच नकोसे होते. त्याच सुमारास आमच्या माजलगावचे संदीप पाठक, ज्यांना लोक विनोदी नट म्हणूनच ओळखत, ‘एक हजाराची नोट’मध्ये उषा नाईक यांच्याबरोबर सुदामाच्या गंभीर भूमिकेत दिसले. ही दोन्ही कामे मी अनासपुऱ्यांच्या यशापेक्षा काकणभर अधिक मोलाची मानतो.

आता तंबू गेले, आणि ऊसतोडीला गेलेले जोडपे रात्री कोपीत, पाचटाच्या अंथरुणावर, मोबाइलमध्ये चित्रपट पाहते. नवरा-बायको मिळून ज्या हिशेबात एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाची उचल फिटेपर्यंत ज्यांना गावी परतता येत नाही, त्यांच्या जिण्यात कथानकाला लागते ते सारे आहे: कर्ज, प्रवास, ताटातूट, शाळा सुटलेली पोरे. ज्या निर्मात्यांना व लेखकांना नव्या विषयांची टंचाई भासत असेल, त्यांनी दिवाळीनंतर केज, धारूर, वडवणी या भागांतील वस्त्यांवर येऊन निदान आठवडाभर राहावे. मागे राहिलेली म्हातारी माणसे बोलायला उत्सुक असतात. लिहून घेणाऱ्याने मात्र त्यांची भाषा शुद्ध करू नये.