पाळणा पडणार नाही कशावरून?

अध्यक्षांनी ओळख करून देताना सांगितलं की आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा पहिल्या रांगेतल्या काहींच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला, की मग हा माणूस थीम पार्क आणि आकाशपाळण्यांवर काय बोलणार? खरं सांगायचं तर विषय आमचा नाहीच. तो आमच्या नातीचा आहे. नववीत आहे ती. मागच्या दिवाळीत तिला खोपोलीला जायचं होतं, आणि आम्ही नेहमीप्रमाणे नकार देत होतो. शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, पडेल कशावरून म्हणता? आणि पडणार नाही हे तरी कशावरून?" दुसरा प्रश्न आम्हाला सोडेना. आम्ही चाळीस वर्षं वर्गात ज्याला प्रमाणविचार म्हणत होतो, तो हाच. एखादी गोष्ट 'नाही' हे कळतं कशावरून?

आधी थोडं जुनं. आमच्या लहानपणी जत्रेत लाकडी पाळणा असायचा. चार पेट्या, मधे दांडा, आणि दोन माणसं तो हातांनी फिरवायची. त्यातली सगळी यंत्रणा डोळ्यांना दिसायची. दांडा करकरला की पाळणेवाला तेल घालायचा, पेटी हलली की खिळा ठोकायचा. पुढे लोखंडी आकाशपाळणे आले. नवरात्रात जुन्या आग्रा रोडवर कालिकेच्या यात्रेत गेलेल्या प्रत्येक नाशिककराने ते पाहिलेत. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या इंजिनिअरने उभारलेलं चक्र. उंची २६४ फूट, डबे ३६, आणि एकेका डब्यात ६० माणसं!

आपल्याकडे कायमस्वरूपी पार्क बरेच उशिरा आले. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं, गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ चं. खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. त्याची आर्थिक कथा पुष्कळ शिकवणारी आहे. पार्क उभारायला प्रचंड कर्ज, अपेक्षेइतकी गर्दी नाही, त्यात २०२० ची टाळेबंदी, आणि शेवटी २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने ते ताब्यात घेतलं. धंदा कोणाचा चांगला आणि कोणाचा वाईट, हे सांगण्यासाठी आम्ही हे काढलेलं नाही. मुद्दा वेगळा आहे. हॉटेलात गिऱ्हाईक कमी आलं तर भाजी कमी आणता येते. पार्कात दोनशे माणसं येवोत की दहा हजार, सकाळची तपासणी तेवढीच करावी लागते. बंद ठेवलं तरी घाटातला पाऊस लोखंडावर पडतच राहतो. म्हणजे उत्पन्न हंगामी आणि देखभाल बारमाही. या धंद्यातलं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे म्हणा ना.

आमचा एक जुना विद्यार्थी तत्त्वज्ञान सोडून आयटीआयला गेला (बरं केलं त्याने) आणि पुढे अशाच एका पार्कात देखभालीच्या कामाला लागला. कोणत्या ते सांगत नाही. त्याच्याकडून आम्ही पुष्कळ शिकलो. तो सांगतो, "सर, लोक अकराला येतात. आमचा दिवस पहाटे सुरू होतो." रोलर कोस्टरच्या रुळाच्या कडेने चालत जायचं, वर चढायचं, बोल्टवर मारलेली रंगाची रेघ सरकली आहे का बघायचं. ही रेघ फार साधी युक्ती आहे. बोल्ट आणि खालचा पत्रा यांवर मिळून एकच रेघ ओढतात. बोल्ट ढिला होऊन फिरला की रेघ तुटते. मग गाडीची चाकं. एकाच जागी तीन प्रकारची चाकं असतात: रुळाच्या वर चालणारी, बाजूला टेकणारी, आणि रुळाच्या खालून धरणारी. गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही याचं एक कारण ती खालची चाकं. नातीला हे सांगितलं तेव्हा तिचं निम्मं समाधान झालं. गाडी चढावर साखळीने ओढली जाताना कट-कट-कट आवाज येतो आणि पोरं घाबरतात. पण पुष्कळ गाड्यांत तो खटक्यांचा आवाज असतो. साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून ते खटके दात्यांत पडत जातात. म्हणजे घाबरवणारा आवाज हाच मुळी सुरक्षेचा.

रिकामी गाडी फिरवून झाली की लॉगबुकात सही होते. दुरुस्तीसाठी आत शिरायचं तर मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. तीन माणसं आत असतील तर तीन कुलुपं. कोणी बाहेरून चुकून यंत्र सुरू करू नये यासाठी. आमच्या विद्यार्थ्याने ती किल्ली आम्हाला दाखवली होती. जानव्याला किल्ली बांधणाऱ्या आमच्या आजोबांची आठवण झाली.

आता नातीचा प्रश्न. मीमांसकांमध्ये कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. या जमिनीवर घडा नाही, हे मला कळतं कसं? घडा दिसत नाही यावरून. नैयायिकांचं म्हणणं वेगळं, त्यांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. तो वाद आज बाजूला ठेवू. दोघांनाही मान्य असलेली एक अट आपल्या कामाची आहे. वस्तू दिसण्याजोगी हवी. असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. मगच 'दिसत नाही' यावरून 'नाही' म्हणता येतं. घडा दिसला नाही म्हणजे घडा नाही, हे ठीक. पिशाच दिसलं नाही म्हणून पिशाच नाही, असं म्हणता येत नाही, कारण ते असतं तरी दिसलं नसतं! याला योग्य अनुपलब्धी म्हणतात. वर्गात हे शिकवताना पोरं पेंगायची. पण २६ जुलै २०१७ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या जत्रेत काय झालं ते ऐका.

तिथे 'फायर बॉल' नावाचा झोका होता. त्याच दिवशी त्याची तपासणी झाली होती, परवानगी मिळाली होती. संध्याकाळी चालू असताना त्याचा एक भाग तुटून माणसांसकट फेकला गेला. अठरा वर्षांचा एक मुलगा जागीच गेला, सात जण जखमी झाले. नंतर झोका बनवणाऱ्या डच कंपनीने सांगितलं की आधार देणारी तुळई आतून गंजत गेली होती, तिची भिंत पातळ झाली होती. आतून! बाहेरून रंग चकचकीत. तपासनीस खोटं बोलला असं मानायची गरज नाही. त्याला गंज दिसला नाही हे खरंच असेल. पण त्याच्या डोळ्यांपुरता तो गंज म्हणजे पिशाच होता.

लोखंडाचा दुसरा रोग याहून फसवा. त्याला धातूचा थकवा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात आगगाड्यांचे आस अचानक तुटू लागले, तेव्हा जर्मनीत व्होलर नावाच्या इंजिनिअरने अनेक वर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका वेळी सहज पेलेल असा भारही लाखो वेळा आला तर पोलाद तुटतं. हिशेब करा. एक झोका एका फेरीत २० वेळा हेलकावतो समजा. दिवसाला ४० फेऱ्या म्हणजे ८०० हेलकावे, वर्षाचे ३०० दिवस धरले तर २ लाख ४० हजार, पाच वर्षांत १२ लाख. तडा सुरू होतो वेल्डिंगच्या कडेला, नाहीतर भोकाच्या काठाशी, केसाहून बारीक, रंगाखाली. म्हणून ठरावीक काळाने रंग खरवडून त्यावर भेदक रंगद्रव्य लावतात, ते तड्यात शिरतं आणि वरून भुकटी टाकली की रेघ उमटते. किंवा चुंबकाने बघतात, किंवा पोटाची सोनोग्राफी करतात तशी लोखंडाची करतात. या सगळ्याचा अर्थ तत्त्वज्ञानाच्या भाषेत एवढाच, की जे दिसण्याजोगं नव्हतं ते दिसण्याजोगं करायचं. त्यानंतर 'तडा नाही' या सहीला किंमत. अहमदाबादला कांकरिया तलावाकाठी १४ जुलै २०१९ ला, रविवारी, लंबकासारखा झुलणारा झोका मोडून पडला आणि दोघे गेले, कितीतरी जण जखमी झाले. तेव्हापासून आम्ही 'नुकतीच तपासणी झाली होती' असं वाक्य वाचलं की विचारतो, कशाने तपासलं? डोळ्यांनी की आणखी कशाने?

यंत्राबद्दल एवढं पुरे. माणसांचा भाग जास्त अवघड आहे.

इंग्लंडमध्ये ऑल्टन टॉवर्स नावाचं पार्क आहे. तिथे 'स्माइलर' या रोलर कोस्टरवर २ जून २०१५ ला अपघात झाला. रेल्वेत ब्लॉक पद्धत असते, मनमाड लाइनवर ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना हे सांगायला नको: एका टप्प्यात एक गाडी, पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची सुटणार नाही. रोलर कोस्टरलाही तेच. त्या दिवशी गर्दी म्हणून पाचवी गाडी रुळावर आणली, वारंही जोराचं होतं. एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली ती वळणात अडकून राहिली. संगणकाने मागची, सोळा माणसं बसलेली गाडी थांबवली. अगदी बरोबर केलं. पण तंत्रज्ञांना अडकलेली गाडी दिसली नाही. त्यांना वाटलं संगणकच चुकतोय, त्यांनी त्याची आज्ञा बाजूला सारली आणि गाडी सोडली. दोन तरुण मुलींचे पाय कापावे लागले.

इथे दोष कोणाचा? आपण लगेच म्हणणार, तंत्रज्ञांचा. न्यायालयाने २०१६ मध्ये कंपनीला ५० लाख पौंड दंड केला, आणि सरकारी सुरक्षा यंत्रणेनेही बोट व्यवस्थापनाकडेच दाखवलं. यंत्राची आज्ञा मोडायची वेळ आलीच तर ती कोणी, कशी, काय काय खात्री करून मोडायची, याची सुरक्षित पद्धतच घालून दिलेली नव्हती. आम्हाला हा निवाडा महत्त्वाचा वाटतो. जिथून रूळ पूर्ण दिसतच नाही तिथे उभ्या माणसाचं 'मला गाडी दिसत नाही' हे ज्ञान नव्हेच, आणि त्याला तिथे उभं करणारा कोणीतरी असतो.

आता कळ कोणाच्या हातात असते ते बघा. बहुधा विशी-बाविशीचा पोरगा, कंत्राटावर, हंगामापुरता घेतलेला. प्रत्येकाचा दांडा ओढून बघायचा, पट्टा बघायचा, उंचीच्या काठीखाली बसणाऱ्या पोराला नाही म्हणायचं आणि त्याच्या बापाचं बोलणं खायचं. वर रांगेचा दाब. समजा २४ जणांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटली तर तासाला ७२० माणसं. त्याने नीट बघायला एक मिनिट जास्त घेतलं तर ४८०. म्हणजे त्याच्या काळजीची किंमत तासाला २४० माणसं, आणि ती वरच्या ऑफिसात आकड्यात दिसते. त्याने टाळलेला अपघात मात्र कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

२००३ साली कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये, म्हणजे या धंद्याच्या काशीतच म्हणा, एका रोलर कोस्टरच्या अपघातात बावीस वर्षांचा तरुण गेला. बोल्ट नीट आवळलेले नव्हते, ते ढिले होऊ नयेत म्हणून घालायची तारही घातलेली नव्हती. आणि गाडीतून वेगळाच आवाज येतोय हे चालवणाऱ्यांनी आधी ऐकलं होतं. तरी गाडी फिरत राहिली.

हे वाचलं तेव्हा आम्हाला झोप लागली नाही, कारण आमचं स्वतःचं एक जुनं प्रकरण आठवलं. बरीच वर्षं झाली. जिल्ह्यातल्या एका जत्रेत मुलाला घेऊन आम्ही पाळण्याच्या रांगेत उभे होतो, अर्ध्या तासाहून जास्त. आमचा नंबर येणार तेवढ्यात कळीवरच्या पोऱ्याने पाळणा थांबवला आणि एकेक पेटी खाली घेऊन माणसं उतरवायला लागला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "आवाज येतोय." आम्हाला कोणालाच आवाज येत नव्हता. रांगेतून ओरडा सुरू झाला. आम्हीही ओरडलो. प्राध्यापक माणूस, पण "अरे, काही नाही, चालू कर!" असं आम्ही म्हणालो, ते नक्की आठवतं. मालक आला, सगळ्यांसमोर पोऱ्याला शिव्या घातल्या, पैसे परत द्यावे लागले म्हणून त्याच्या मजुरीतून कापीन म्हणाला. पोऱ्या खाली मान घालून उभा राहिला, पण कळीला हात लावेना. बेअरिंगमध्ये खरंच काही होतं की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही चिडून घरी आलो. तो मुलगा आज या नातीचा बाप आहे.

आम्ही ही गोष्ट त्या विद्यार्थ्याला सांगितली, तर तो हसला नाही. म्हणाला, "सर, चांगल्या पार्कात पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, की शंका आली की लाल बटण दाब, नंतर कोणी विचारणार नाही. पण नंतर विचारतात की नाही, यावर सगळं ठरतं. एकदा विचारलं की दुसऱ्यांदा तो बटण दाबत नाही." परवाने, पोलिसांची परवानगी, अग्निशमनचा दाखला हे सगळं हवंच. २०२४ च्या मे महिन्यात राजकोटच्या गेमझोनमध्ये आग लागून २७ माणसं गेली, आणि तिथे अग्निशमनचा दाखलाच नव्हता. पण दाखला वर्षातून एकदा बघतो. तो पोऱ्या दर फेरीला बघतो.

तर नातीला घेऊन गेलो एकदाचे. कुठे ते विचारू नका. आमचा नंबर येता येता गाडी थांबवली. दोघे वर चढून गेले, काहीतरी बघत होते. पाऊण तास गेला. मागच्यांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली, एक गृहस्थ "पैसे परत द्या" म्हणून त्या मुलाच्या अंगावर धावून गेले. नात आमच्याकडे बघत होती. आम्ही त्या मुलाला पाण्याची बाटली दिली आणि पुन्हा रांगेत येऊन उभे राहिलो.