जळणातले पाणी

पुण्यातील शनिवार पेठ ही जुन्या वाड्यांची पेठ. घरोघरी गॅस येण्यापूर्वी या वाड्यांत चूल किंवा शेगडी पेटे आणि अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापे. बंबासाठी लाकडे वखारीतून येत. ती पावसाळ्यापूर्वी वाळवून, कोरड्या जागी रचून ठेवावी लागत. ओले लाकूड धूर जास्त करते आणि ऊब कमी देते, हे घरातील सर्वांना ठाऊक होते.

असे का होते? जळणातील पाणी आधी तापते, मग त्याची वाफ होते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 600 किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ती वाफेबरोबर उडून जाते. आपल्या हाती काहीच येत नाही.

हाच नियम दगडी कोळशालाही लागू पडतो. शेगडीतला कोळसा लाकडापासून बनतो. दगडी कोळसा खाणीतून निघतो. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत त्याच्या खाणी आहेत. किलोमागे किती उष्णता मिळते, यावरून 2012 पासून भारतात कोळशाच्या सतरा प्रती ठरवल्या आहेत. पहिल्या प्रतीचा कोळसा किलोमागे 7000 किलोकॅलरींपेक्षा जास्त उष्णता देतो. सतराव्या प्रतीचा 2200 ते 2500 एवढीच देतो.

हलक्या कोळशात पुष्कळदा पाणी जास्त असते. तामिळनाडूतील नेवेलीच्या लिग्नाइट कोळशात तर जवळजवळ निम्मे वजन पाण्याचेच असते. समजा, दहा किलो कोळशात तीन किलो पाणी आहे. म्हणजे खरे जळण सात किलोच! शिवाय त्या पाण्याची वाफ करण्यात सुमारे 1800 किलोकॅलरी वाया जातात. गाडीभाडे मात्र पूर्ण दहा किलोंचे द्यावे लागते.

मग कोळसा सुकवावा कसा? दुसरा कोळसा जाळून सुकवला, तर एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखे होईल. म्हणून ऊन किंवा वाया जाणारी उष्णता वापरावी. चंद्रपूरसारख्या वीजकेंद्रात कोळसा दळून त्याची पूड करतात. दळतानाच गिरणीत गरम हवा सोडतात. भट्टीतून बाहेर जाणाऱ्या धुराच्या उष्णतेने ती हवा तापवलेली असते. अमेरिकेतील कोल क्रीक वीजकेंद्रात 2009 पासून लिग्नाइट अशाच वाया जाणाऱ्या उष्णतेने सुकवू लागले. त्यातील पाणी 38 टक्क्यांवरून सुमारे 29 टक्क्यांवर आले.

मात्र सुकवल्याने सर्व दोष जात नाहीत. कोळशातील राख तशीच राहते. फार सुकवलेला हलका कोळसा भुगा होतो, हवेतील ओल पुन्हा शोषतो आणि ढिगात आपोआप पेटूही शकतो. म्हणून तो सुकवल्यावर फार दिवस साठवून न ठेवता लवकर वापरणे बरे.

तुम्हीही एक प्रयोग करा. झाडाची नुकतीच छाटलेली ओली फांदी तोलून वजन वहीत लिहा. आठवडाभर ती कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा तोला. जेवढे वजन घटले, तेवढे पाणी उडाले. ते किती टक्के होते, हे गणिताने काढा. मग तुम्हालाच कळेल की जळण विकत घेताना त्याच्याबरोबर आपण किती पाणी विकत घेतो!