दाढेत जपलेली ओळख

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि २६० जणांचा जीव गेला. आगीत अनेक देह इतके होरपळले, की चेहऱ्यावरून ओळख पटणं अशक्य होतं. रक्ताचे नमुने देऊन वाट पाहणाऱ्या नातेवाइकांत पनवेल तालुक्यातलं एक कुटुंबही होतं. त्या नमुन्यांशी जुळवण्यासाठी मृतांच्या हाडांतून आणि दातांतून डीएनए काढला जात होता.

दातच का? त्यावरचं इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. त्यात स्वतःच्या पेशी नसतात, पण आतल्या पल्पचं, म्हणजे ज्याला आपण दाताची नस म्हणतो त्याचं, ते रक्षण करतं. पल्प कुजला तरी मुळावरच्या सिमेंटमच्या थरात पेशींचे अवशेष टिकू शकतात. दाढांची मुळं जबड्यात रुतलेली आणि बाहेरून गालांचा आडोसा, त्यामुळे आगीतही त्या वाचण्याची शक्यता अधिक.

प्रयोगशाळेत दाढ आधी बाहेरून निर्जंतुक करतात. हाताळणाऱ्याचा डीएनए मिसळला तर निष्कर्षच चुकेल. मग द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून तिची पूड करतात, कॅल्शियम विरघळवतात आणि मिळालेल्या डीएनएच्या पीसीआरने असंख्य प्रती काढतात. गुणसूत्रांवरच्या वीसेक ठरावीक जागी छोटे तुकडे किती वेळा पुन्हा येतात, ते मोजलं जातं. प्रत्येक जागी एक आकडा आईकडून आलेला, एक वडिलांकडून.

जुने दातही बोलतात. पंजाबात अजनाला इथल्या विहिरीत २०१४ मध्ये सापडलेल्या अवशेषांच्या दातांचा अभ्यास हैदराबादच्या सीसीएमबीसह अनेक संस्थांच्या संशोधकांनी केला. ही माणसं गंगेच्या खोऱ्यातली असल्याचं त्यांनी २०२२ मध्ये मांडलं. हे १८५७ चे शिपाई असावेत, या मताला त्यामुळे बळ मिळालं.

अहमदाबादेत प्रवाशांची यादी होती. पनवेलसारख्या रेल्वे जंक्शन, महामार्ग आणि खाडीच्या परिसरात सापडणाऱ्या बेवारस मृतदेहासोबत अशी यादी नसते. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांच्या डीएनएच्या स्वतंत्र नोंदी सुचवणारं २०१९ चं विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. खासगीपणाविषयीचे त्यावरचे आक्षेप रास्त होते, पण गरज संपलेली नाही. अंत्यसंस्कारापूर्वी दाढ काढून जपणं अवघड नाही. तिच्याशी जुळवण्यासाठी आईवडिलांनी स्वखुशीने दिलेला नमुना फक्त आपल्या माणसाच्या शोधासाठीच वापरला जाईल, अशी हमी देणारा कायदा मात्र हवा.