चेहऱ्यातील फिलर आणि संयोगाचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात मुदखेड येथील आमच्या चिकित्सालयात चाळिशीच्या आतील एक भगिनी अर्धावभेदकासाठी आल्या. नस्य योजले. पूर्वकर्मात मुखाभ्यंग करताना दोन्ही गालांत, नाकपुडीपासून थोड्या अंतरावर, ज्वारीच्या दाण्याएवढी एकेक कठीण गाठ अंगठ्याखाली लागली. विचारल्यावर प्रथम नकार मिळाला. सोबतच्या सासूबाई बाहेर गेल्यावर त्यांनी सांगितले, की दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने हैदराबादला गेल्या असता गालांत फिलर भरून घेतले होते. पुढे वर्षभराने दुसऱ्या शहरातील एका सौंदर्यकेंद्रात त्याच जागी आणखी काही टोचून घेतले. पहिले द्रव्य कोणते, दुसरे कोणते, याचा एकही कागद त्यांच्यापाशी नव्हता. आम्ही स्वेदन थांबवले. परंतु गाठी हाताला लागल्या त्या क्षणी आमच्या मनात प्रथम जलौकावचारण आले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. तो विचार किती घातक ठरू शकला असता हे नंतरच्या वाचनात उमगले.

फिलर म्हणजे सुरकुती, खळगा अथवा ओठ भरून काढण्यासाठी त्वचेत किंवा त्वचेखाली टोचलेले द्रव्य. नाव एक असले तरी द्रव्ये भिन्न प्रकृतीची आहेत. सर्वाधिक वापर हायल्युरॉनिक आम्लाचा होतो. हे मूळचे आपल्या शरीरातलेच द्रव्य असून कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते गाईच्या डोळ्यातून वेगळे केले. फिलरमध्ये ते रासायनिक बंधांनी घट्ट केलेले असते व साधारणतः सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकते. दुसरे कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट, म्हणजे अस्थीतील खनिजाचे सूक्ष्म गोलक; तेही कालांतराने विरते. तिसरे पॉलिलॅक्टिक आम्ल. ते स्वतः खळगा भरत नाही, ऊतींना डिवचून नवे कोलॅजन तयार करवते, त्यामुळे परिणाम दिसण्यास आठवडे-महिने लागतात. चौथे पीएमएमए. हे प्लास्टिकचे सूक्ष्म मणी असून शरीर ते कधीच विरघळवू शकत नाही. द्रव सिलिकॉनचीही गणना याच न विरणाऱ्या वर्गात होते. चेहरा वा अंग भरण्यासाठी ते टोचण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कधीही मान्यता दिलेली नाही, तरीही चोरवाटेने ते वापरले जाते.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात, प्रनष्टशल्यविज्ञानीयात, शरीरात राहून गेलेल्या शल्यांचे असेच दोन वर्ग केले आहेत : कालांतराने देहोष्म्याने विलीन होणारी, आणि शिंग, दात, केस, अस्थी, मृत्तिका यांसारखी न विरणारी. पहिल्या वर्गात त्यांनी धातू घातले, ते आज मान्य होणार नाही. पण आत राहिलेले द्रव्य विरणारे की न विरणारे, हा त्यांचा पहिला प्रश्न आजही पहिलाच आहे.

आता मूळ मुद्दा. भिन्न फिलर एकाच चेहऱ्यात असणे सर्वथा निषिद्ध आहे काय? तसे म्हणता येत नाही. विरणारी दोन द्रव्ये, वेगवेगळ्या थरांत किंवा पुरेसे अंतर ठेवून, कोणते कोठे व किती याची नोंद करून अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन योजतात, आणि त्याचे अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले आहेत. मात्र उत्पादनांना मान्यता मिळते ती सामान्यतः एकेकट्याच्या चाचणीवर. चरकसंहितेत संयोगविरुद्ध, मात्राविरुद्ध, क्रमविरुद्ध असे भेद आहेत. मध व घृत स्वतंत्रपणे पथ्यकर असूनही समप्रमाणात विरुद्ध ठरतात, हे शिकलेल्या आपल्या मंडळींना एकेकटे निर्दोष म्हणून एकत्रही निर्दोष हा युक्तिवाद पटण्याचे कारण नाही.

खरा धोका तीन ठिकाणी आहे. न विरणाऱ्या द्रव्यावर दुसरे काही टोचणे हा पहिला. शांत पडलेल्या जुन्या द्रव्याभोवती शोथ जागा होऊन ग्रंथी उठू शकतात. हे जागे होणे टोचल्यानेच होते असे नाही. दंतचिकित्सा वा ज्वर यांनंतरही ते दिसते, आणि २०२० मध्ये मॉडर्नाच्या कोविड लशीच्या चाचणीत पूर्वी फिलर घेतलेल्या काही व्यक्तींचे चेहरे सुजल्याची नोंद झाली होती. दुसरा धोका अज्ञात द्रव्यावर ज्ञात द्रव्य टोचण्याचा. आमच्या रुग्णेच्या बाबतीत नेमके हेच घडले.

तिसऱ्या धोक्याचा संबंध उताऱ्याशी आहे, आणि तो अधिक खोलात पाहिला पाहिजे. हायल्युरॉनिक आम्लास हायल्युरोनिडेज नावाचे विकर विरघळवते. इतर कोणत्याही फिलरला असा खात्रीचा उतारा नाही. चुकून फिलर धमनीत गेले तर ते रक्तप्रवाह अडवते. नाक, भ्रूमध्य व कपाळ येथील धमन्यांच्या शाखा नेत्राच्या धमनीशी जोडलेल्या आहेत, म्हणून दाबाने टोचलेला कण उलट दिशेने जाऊन दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद करू शकतो. असे अंधत्व बहुधा भरून येत नाही. भुवयांच्या शेवटी अपांग व भुवयांवर आवर्त ही मर्मे सांगताना सुश्रुतांनी आघाताचे फळ आंध्य अथवा दृष्ट्युपघात असे दिले आहे. दोन द्रव्ये मिसळलेली असतील तर उतारा एकालाच लागू पडतो, दुसरे तसेच राहते.

अशा वेळची लक्षणे आपण ओळखलीच पाहिजेत, कारण घाबरलेला रुग्ण ज्याने टोचले त्याच्याकडे न जाता गावातल्या वैद्याकडे येतो. त्वचा अचानक पांढरी पडणे, नंतर जाळीदार निळसर-जांभळी होणे, दाबून सोडल्यावर रंग परतण्यास विलंब, टोचण्याच्या मानाने फार अधिक वेदना. दोन-तीन दिवसांनी तेथे फोड येतात आणि ते विसर्प किंवा मुखदूषिका भासतात. येथे लेप लावून वेळ घालवू नये. दिसणे कमी होणे, पापणी खाली पडणे, तीव्र डोकेदुखी यांपैकी काही असेल तर एक मिनिटही न थांबता नांदेड गाठावे आणि निघतानाच फोन करावा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भूल पसरावी म्हणून नेत्रशल्यविशारद हायल्युरोनिडेज वापरतात, त्यामुळे नेत्ररुग्णालयात ते असण्याचा संभव मोठा, हे ध्यानात ठेवावे.

निळसर त्वचा पाहून जळू लावण्याचा मोह होतो. पण ही विकृती रक्त साचण्याची नसून रक्त न पोहोचण्याची आहे. तेथून आणखी रक्त काढणे उपयोगाचे नाही. शिवाय जळूच्या लाळेत हिरुडिनच्या जोडीला हायल्युरोनिडेजच्या जातीचे विकरही असते, त्यामुळे खाली हायल्युरॉनिक आम्ल असल्यास ते मात्रा-प्रमाणाविना वेडेवाकडे विरेल. जळूच्या अन्ननलिकेत एरोमोनास हे जिवाणू वास करतात, आणि फिलर असलेल्या जागी जंतुसंसर्ग रुजला तर तो निघता निघत नाही. सुईने गाठ फोडणे वा तीवर अग्निकर्म करणेही याच कारणास्तव वर्ज्य मानावे. फिलर घेऊन दोन आठवडे झाले नसतील तर मुखाभ्यंग, बाष्पस्वेद, उष्ण लेप व नस्याचे पूर्वकर्म पुढे ढकलावे. त्यानंतरही आत काय आहे हे कळेपर्यंत गालावर जोर देऊ नये.

प्रश्न विचारण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागेल. अकोल्यातील एका कुटुंबातील आई व दोन मुलींना २०२२ मध्ये वृक्कविकार झाला. मूळ होते एका सौंदर्यतज्ज्ञाकडून आणलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आयुर्वेद प्रयोगशाळेत तपासल्यावर त्या क्रीममध्ये पारा निघाला. रुग्ण अशा गोष्टींना औषध समजतच नाहीत, म्हणून ‘काही औषध चालू आहे का’ या प्रश्नाला नाही असेच उत्तर येते. ‘चेहऱ्याला काही लावले, काही टोचले का’ असे विचारावे, आणि एकांतात विचारावे.

औषधविक्रेते बंधूंसाठी थोडेसे. १ एप्रिल २०२० पासून देशातील सर्व वैद्यकीय साधने औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. सौंदर्यकेंद्राच्या तोंडी मागणीवरून फिलरची भरलेली सिरिंज मागवून देणे हा स्नेहाचा व्यवहार नव्हे. बिलाविना, आयात परवान्याच्या उल्लेखाविना आलेला माल दुकानात घेऊच नये. सुईविना फिलर सोडणाऱ्या पेनांविषयी अमेरिकेच्या प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट इशारा दिला आहे. तेही कोणी मागितल्यास नकार द्यावा. मान्यताप्राप्त फिलरच्या खोक्यात बॅच क्रमांकाच्या चिकटपट्ट्या असतात. त्यांतील एक आपल्या कागदांत जपून ठेवावी, एवढे ग्राहकाला जरूर सांगावे.

आमच्या रुग्णेस आम्ही नांदेडच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. सोनोग्राफीत दोन्ही गालांतील द्रव्ये भिन्न दिसली. सौंदर्यकेंद्राने काय टोचले हे त्यांनी दूरध्वनीवरही सांगितले नाही. हायल्युरोनिडेजने उजव्या गालातील गाठ विरली, डावी अद्याप तशीच आहे. अर्धावभेदकासाठी सध्या केवळ आभ्यंतर औषध व पथ्य चालू असून नस्य दिलेले नाही.