वारंवार पोटात कळ येते? नुसता ‘गॅस’ समजू नका

आमच्या वस्तीत धुणीभांड्याची कामे करणाऱ्या एका ताईंच्या पोटात चार-पाच महिने कळा येत होत्या. कळ यायची, पोट गुडगुडायचे, घटकाभराने शांत व्हायचे. कधी ओवा खाल्ला, कधी दवाखान्यात इंजेक्शन घेतले. कामाचा खाडा परवडत नव्हता. एका रात्री कळा थांबेनात. हिरव्या उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले. घरचे एरंडेल पाजायच्या तयारीत होते. आम्ही ते थांबवले आणि १०८ ची गाडी बोलावली. सिटी स्कॅनमध्ये दिसले की लहान आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकला आहे. ऑपरेशनमध्ये तिथे लिंबाएवढी चरबीची गाठ निघाली. ती कॅन्सरची नव्हती.

मोठ्या माणसांचे आतडे बंद पडते ते बहुतेकदा जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटल्याने, हर्नियाने किंवा कॅन्सरने. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो. साधी गाठ हे कमी आढळणारे कारण, म्हणून लवकर लक्षात येत नाही. चरबीची गाठ किंवा देठावर लोंबणारा पॉलिप वर्षानुवर्षे गप्प राहतो. आतडे अन्न पुढे ढकलते तसे गाठीलाही ढकलते. गाठीबरोबर आतड्याची भिंत ओढली जाते आणि सदऱ्याची बाही आत दुमडावी तसे आतडे आतड्यात शिरते. कधी ते आपोआप सुटते, म्हणून दुखणे येते-जाते. सुटले नाही तर रक्तपुरवठा तुटतो, आतडे काळे पडून फुटते. गाठ साधी असली तरी अडथळा साधा नसतो.

ही चार लक्षणे ओळखा:
१. थांबून थांबून येणाऱ्या जोरदार कळा
२. उलट्या, विशेषतः हिरव्या
३. फुगलेले पोट
४. संडास आणि वारा दोन्ही बंद

ही लक्षणे एकत्र दिसली तर सकाळची वाट पाहू नका. जुलाबाचे औषध, एरंडेल, एनिमा देऊ नका. पोट चोळू नका. खायला-प्यायला काही न देता थेट मोठ्या रुग्णालयात न्या. कळ येते-जाते, वजन घटते, संडासातून रक्त जाते किंवा संडास काळी होते, असे असेल तर लवकर तपासून घ्या. काही घराण्यांत ओठांवर व तोंडात काळसर ठिपके आणि आतड्यात पॉलिप असतात. असे ठिपके डॉक्टरांना दाखवा.

लहान मुलांत असे शिरलेले आतडे बरेचदा ऑपरेशनशिवाय सोडवता येते. मोठ्यांत बहुधा ऑपरेशनच लागते, कारण मूळ गाठ काढावी लागते. काढलेली गाठ तपासणीला जाते. तो रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा.

पैशासाठी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तो आपला हक्क आहे, मागितलाच पाहिजे.

ताई आता कामावर जातात. आपल्या घरातली बाई ‘गॅस झालाय’ म्हणत महिनोन्‌महिने दुखणे अंगावर काढत असेल, तर आजच तिला विचारा: उलटी होते का? पोट फुगते का? वारा सरतो का?