दोन लिनक्स संगणक, फाइली आणि मेल मात्र एकच

घरी डेस्कटॉप, प्रवासात लॅपटॉप आणि दोन्हींवर लिनक्स असेल, तर दोन्हींवरच्या फाइली सारख्या ठेवायला युनिसन हा प्रोग्रॅम जरूर वापरून बघा.

या कामाला बरेच जण आरसिंक लावतात. १९९६ पासूनचं हे साधन फाइलमधला फक्त बदललेला भाग पाठवतं, तेही चोख. पण ते एकाच दिशेने चालतं. एखादी फाइल इकडे आहे, तिकडे नाही; मग ती इकडे नवी तयार झाली की तिकडे पुसली गेली? आरसिंकला हे कळायला मार्ग नाही. युनिसन मागच्या वेळची स्थिती दोन्ही संगणकांवर नोंदवून ठेवतं, म्हणून त्याला कळतं. आणि एकच फाइल दोन्हीकडे बदलली असेल, तर परस्पर काही न ठरवता ते तुम्हाला विचारतं. मला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो! जोडणी एसएसएचवरून होते, मध्ये कुठल्याही कंपनीचा क्लाउड लागत नाही. आवृत्ती मात्र दोन्हीकडे शक्यतो सारखीच ठेवा, जुन्या आवृत्त्यांचं एकमेकींशी जमत नाही.

मेल आयमॅपवर असेल तर दोन्हीकडे एमबीसिंक (सर्व्हरवरचं मेल संगणकावरच्या मेलशी जुळवणारं साधन) चालवा आणि मेल मेलडिर पद्धतीने साठवा. त्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते. वाचलं, उत्तर दिलं या खुणा फाइलच्या नावातच असतात. जुन्या एमबॉक्समध्ये अख्खा फोल्डर म्हणजे एकच फाइल, त्यामुळे दोन्हीकडे नवं मेल आलं की तंटा ठरलेला. एमबीसिंकचा फोल्डर युनिसनच्या यादीतून वगळा, नाहीतर मेल दुप्पट होऊ शकतात.

बॅकअप वेगळा घ्याच. चुकून पुसलेली फाइल पुढच्या सिंकला दुसरीकडूनही जाते.