खांबावरचे उंच नाव

धुळ्याहून आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. दहाव्या लेण्यातल्या एका खांबाकडे बोट दाखवून गुरुजी म्हणाले, "जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे नाव ओरखडले. तारीखही आहे, एप्रिल १८१९. पण एवढ्या उंचावर त्याचा हात पोचला कसा?"

"शिडी लावली असेल," आम्ही एका सुरात म्हणालो.

वाघाच्या शिकारीला निघालेल्या माणसाजवळ शिडी कुठली? तो ढिगाऱ्यावर उभा होता. शतकानुशतके साचलेल्या दगडमातीने लेण्यातली जमीन सुमारे ५ फूट वर आली होती. पुढे ती उपसली गेली. जमीन खाली गेली, नाव वरच राहिले. उभा माणूस भिंतीवर साधारण डोळ्यांच्या पातळीत लिहितो. तेव्हा ओरखड्याच्या आजच्या उंचीतून माणसाच्या डोळ्यांची उंची वजा केली, की १८१९ मधला भराव कळतो. (वर्गात करून पाहा. मुलांना फळ्यावर नाव लिहायला सांगा आणि ते जमिनीपासून किती उंच आले ते मोजा.)

ओरखडा आधीचा की चित्र आधीचे, हेही ठरवता येते. अजिंठ्यात खडकावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले. त्यावर पातळ पांढरा थर आणि मग रंग. ओरखड्याने रंग कापून खालचा थर उघडा पडला असेल, तर तो चित्रानंतरचा. चरीत रंग उतरला असेल, तर आधीचा. त्यासाठी साधे भिंगही बरेच काम देते.

हीच युक्ती तुर्कस्तानातल्या इझ्मीरला, म्हणजे प्राचीन स्मिर्ना येथे, उपयोगी पडली. तिथल्या बाजारचौकातल्या रोमनकालीन इमारतीच्या तळघरात, गिलाव्यावर लोकांनी ग्रीक भाषेत मजकूर कोरला आहे, शाईने लिहिलाही आहे. राज्य रोमचे, भाषा मात्र ग्रीक! गलबते आहेत, शब्दकोडी आहेत. ग्रीक अक्षरांना अंकांचे मोल असते. म्हणून कुणी प्रेयसीचे नाव न लिहिता त्यातल्या अक्षरांची बेरीजच लिहून ठेवली आहे. गिलाव्याचे थर एकावर एक आहेत. कोणता मजकूर कोणत्या थरावर, यावरून त्यांचा क्रम लागतो.

स्मिथचे नाव रंग भरून बुजवावे, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. चित्राचे नुकसान झाले ते झालेच; बुजवले तर जमिनीच्या पातळीची तारीखवार खूणही जाईल. आजचा ओरखडा मात्र साफ केलेल्या जमिनीवर उभे राहून काढलेला असतो. त्यातून काही कळत नाही, रंग तेवढा जातो.

सहल नेलीत तर आत शिरण्यापूर्वी दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीकडे पाहा. तिथे ब्राह्मी लिपीत वासिष्ठीपुत्र कटहादी या दात्याचे नाव आहे. त्याने दर्शनी भागासाठी दान दिले आणि मगच नाव कोरवले. तारीख त्याने घातलेली नाही. अक्षरांच्या वळणांवरून अभ्यासक ते इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानतात.